जिन्याची पायरी आणि माणसाचे पाऊल : एका मापसूत्राचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

घराच्या रचनेत जिना हा असा भाग आहे की, त्याचे माप चुकले तर ती चूक डोळ्यांना दिसण्यापूर्वी पायांना कळते. भिंत दोन बोटे इकडेतिकडे झाली तरी राहणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. पायरी मात्र एका बोटाने उंच झाली तर माणूस अडखळतो. म्हणूनच पायरीची उंची किती असावी आणि पाऊल टेकावयास जागा किती मिळावी, हा प्रश्न वास्तुविद्येच्या ग्रंथांत फार प्राचीन काळापासून विचारला गेला आहे. त्याला मिळालेली उत्तरे पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी एका उत्तराने गेल्या साडेतीनशे वर्षांत जवळजवळ सर्व जगावर सत्ता गाजविली. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाच्या अंतराइतकी असावी, हे ते उत्तर होय. येथे रुंदी म्हणजे चालण्याच्या दिशेने मोजलेली, पाऊल टेकण्याची जागा, असे समजावे.

हे सूत्र कोठून आले, त्याचा आधार निसर्गात आहे की रूढीत, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका मापपद्धतीतून दुसऱ्या मापपद्धतीत जाताना त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. हा विचार केवळ पुराणवस्तूंच्या जिज्ञासेचा नव्हे. आजच्या इमारत-नियमांतील आकडे याच सूत्राच्या वंशातले आहेत, आणि त्या आकड्यांवर रोज चढउतार करणाऱ्यांत लहान मुले व वृद्धही असतात.

२. पूर्वसूरींची मापे

उपलब्ध पाश्चात्त्य ग्रंथांत विट्रुव्हियस या रोमन लेखकाचा, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील, ग्रंथ सर्वांत जुना होय. त्यात जिन्याविषयी दोन वेगवेगळी विधाने आढळतात. तिसऱ्या भागात देवालयासमोरील पायऱ्यांचे माप दिले आहे : उंची पाऊण रोमन फुटाहून कमी नसावी व दहा द्वादशांश फुटाहून अधिक नसावी, रुंदी दीड फुटाहून कमी व दोन फुटांहून अधिक नसावी. पायऱ्यांची संख्या विषम असावी, म्हणजे उजवे पाऊल पहिल्या पायरीवर पडल्यास शेवटीही उजवेच पाऊल वर पोचेल, असे त्याचे म्हणणे. रोमन फूट सुमारे २९·६ सेंटिमीटरांचा धरला तर ही उंची २२ ते २५ सेंटिमीटर भरते. ही पायरी मिरवणुकीची आहे, घराची नव्हे.

नवव्या भागाच्या प्रस्तावनेत मात्र तो घराच्या जिन्याकडे वळतो. तीन, चार व पाच या बाजूंचा काटकोन त्रिकोण पायथागोरसाने शोधला, असे सांगून तो म्हणतो की, या त्रिकोणाचा उपयोग जिना बसविताना होतो. दोन मजल्यांमधील उंचीचे तीन समान भाग केले तर तसेच चार भाग जमिनीवर मोजावेत. जिन्याची तिरपी बाजू आपोआप पाच भागांची होते. येथे पायरीचे माप नाही, फक्त चढाचे आहे. हा चढ सुमारे ३७ अंशांचा येतो. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

पंधराव्या शतकात आल्बेर्तीने आपल्या वास्तुग्रंथात जिन्याविषयी एक तक्रार नोंदविली : जिना घराच्या आराखड्यात व्यत्यय आणतो, म्हणून घरात जिने जितके कमी व त्यांनी व्यापलेली जागा जितकी थोडी तितके बरे. चढताना विसावा मिळावा म्हणून सात किंवा नऊ पायऱ्यांनंतर सपाट जागा ठेवण्याचा प्राचीनांचा प्रघातही त्याने सांगितला आहे. १५७० साली प्रसिद्ध झालेल्या पाल्लादिओच्या ग्रंथात आकडे अधिक निश्चित होतात. पायरीची उंची फुटाच्या सहा इंचांहून अधिक नसावी व चार इंचांहून कमी नसावी. रुंदी एक फुटाहून कमी व दीड फुटाहून अधिक नसावी. अकरा किंवा तेरा पायऱ्यांनंतर विसाव्याची जागा असावी.

पाल्लादिओची सर्वांत उंच पायरी आणि सर्वांत अरुंद पायरी एकत्र घेतली, तर सहाची दुप्पट बारा व अधिक बारा, म्हणजे चोवीस इंच होतात. पाल्लादिओने ही बेरीज केलेली नाही. उंची व रुंदी यांना त्याने स्वतंत्र मर्यादा घातल्या. एकीचा दुसरीशी संबंध जोडला नाही. तो जोडण्याचे काम पुढच्या शतकातील एका गणितज्ञाने केले.

३. ब्लोंदेल आणि चोवीस इंचांचे पाऊल

निकोला-फ्रांस्वा ब्लोंदेल (१६१८–१६८६) हा मूळचा लष्करी अभियंता व गणिती. तोफगोळ्यांच्या मार्गावर त्याने ग्रंथ लिहिला, पॅरिसचे सँ-दनी नावाचे विजयद्वार उभारले, आणि १६७१ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत स्थापन झालेल्या वास्तुविद्येच्या राजकीय अकादमीचा तो पहिला प्रमुख झाला. अकादमीत त्याने दिलेली व्याख्याने १६७५ ते १६८३ या काळात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अठराव्या शतकातील झाक-फ्रांस्वा ब्लोंदेल हा त्याच आडनावाचा वास्तुशास्त्रज्ञ निराळा. त्याच्याही ग्रंथाचे नाव तेच असल्यामुळे दोघांची गल्लत वारंवार होते.

पहिल्या ब्लोंदेलचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. सपाट जमिनीवर आरामात चालणाऱ्या माणसाचे पाऊल चोवीस फ्रेंच इंचांचे पडते. उभ्या शिडीवर चढणाऱ्याला दोन आडव्या दांड्यांमधील सोयीचे अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे बारा इंच असते. यावरून एक इंच वर चढण्याचे श्रम दोन इंच पुढे जाण्याच्या श्रमांइतके आहेत असे मानता येते. म्हणून पायरीची उंची जितके इंच वाढेल त्याच्या दुप्पट इंच रुंदीतून वजा करावेत, म्हणजे बेरीज नेहमी चोवीसच राहील. सहा इंच उंचीला बारा इंच रुंदी, सात इंचांना दहा.

या युक्तिवादाचे सौंदर्य त्याच्या दोन टोकांत आहे. उंची शून्य केली की जिना नाहीसा होऊन सपाट वाट उरते. रुंदी शून्य केली की त्याची शिडी होते. सपाट वाट, जिना व शिडी ही तीन भिन्न साधने नसून एकाच चालण्याच्या तीन अवस्था आहेत, असे ब्लोंदेलने दाखविले. परंतु या दोन टोकांमधील मार्ग सरळ रेषेचाच असला पाहिजे, याला त्याच्याजवळ पुरावा नव्हता. ते गणिताने केलेले अनुमान होते, मोजणीने मिळालेले ज्ञान नव्हे.

४. भाषेने आधीच जोडलेले दोन अर्थ

हे अनुमान त्या काळच्या वाचकाला सहज पटले, त्याचे एक कारण भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रादुस’ हा शब्द चालण्याचे पाऊल आणि जिन्याची पायरी या दोहोंना लागू पडतो. इंग्रजीतील ‘स्टेप’ तसाच आहे. फ्रेंचमध्ये पायरीला ‘मार्श’ म्हणतात. हा शब्द चालणे या क्रियेपासून आला असून सैन्याच्या चालीलाही तोच वापरला जातो. पायरीच्या उभ्या बाजूला ‘कोंत्रमार्श’, म्हणजे चालीच्या विरुद्ध असलेली, असे नाव आहे. जर्मन भाषेत तर या सूत्राचे प्रचलित नावच ‘पावलाच्या मापाचा नियम’ असे आहे. मराठीतही ‘पायरी’ या शब्दाचे ‘पाय’ या शब्दाशी असलेले नाते बोलणाऱ्याच्या कानाला जाणवल्याशिवाय राहत नाही. ज्या भाषांत पायरी हे पावलाचेच एक रूप मानले गेले आहे, त्या भाषांत पायरी पावलाने मोजावी हे सूत्र शोध वाटण्यापेक्षा स्मरण वाटते.

मराठीची आणखी एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. पायरी हा शब्द घरचा असला तरी ‘जिना’ फारसीतून आला आहे आणि ‘मजला’ हा शब्द अरबी ‘मंझिल’ या शब्दाच्या कुळातला आहे. त्याच कुळातील ‘मजल’ म्हणजे प्रवासाचा टप्पा. मजल मारीत जाणारा प्रवासी आणि मजला चढणारा घरमालक यांना भाषेने एकाच वाटेवर आणून ठेवले आहे. उंचीचे अंतर हे चालण्याच्या अंतरासारखेच टप्प्यांनी मोजावयाचे असते, ही कल्पना येथेही सूचित होते. तथापि शब्दांचे हे नाते सूत्राला अनुकूल वातावरण निर्माण करते, सूत्र सिद्ध करीत नाही, हे विसरता कामा नये.

५. निसर्ग की रूढी?

ब्लोंदेलच्या काळीच वास्तुविद्येत एक मोठा वाद पेटला होता. क्लोद पेरो या वैद्याने १६७३ साली विट्रुव्हियसचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले आणि १६८३ सालच्या स्तंभविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्तंभांची प्रमाणे डोळ्यांना सुंदर वाटतात ती निसर्गनियमाने नव्हे, सवयीने व मान्यतेने. ब्लोंदेलचा पक्ष उलट होता : योग्य प्रमाणांना निसर्गाचाच आधार असतो. स्तंभाच्या बाबतीत हा वाद कोणत्याही मोजणीने सुटण्यासारखा नव्हता. जिन्याच्या बाबतीत मात्र ब्लोंदेलच्या पक्षाला भक्कम जमीन मिळाली. कारण येथे प्रमाण डोळ्याला नव्हे, पायाला पटावे लागते.

तरीही पेरोची शंका येथे सर्वस्वी लटकी पडत नाही. चोवीस हा आकडा कोणाच्या पावलाचा? स्त्रीचे, मुलाचे, वृद्धाचे पाऊल वेगळे पडते. घाईचे पाऊल विसाव्याच्या पावलाहून लांब असते. चोवीस हा बाराच्या पाढ्यातला आकडा आहे आणि फ्रेंच फुटाचे बारा इंच असल्यामुळे चोवीस इंच म्हणजे बरोबर दोन फूट होतात. निसर्गाचे पाऊल राजाच्या मोजपट्टीशी इतके नेमके जुळावे, यात निसर्गापेक्षा मोजपट्टीचा हात अधिक असावा, असे म्हणावयास हरकत नाही. सूत्राचा सांगाडा, म्हणजे उंची वाढली की रुंदी कमी करावी हा संबंध, शरीराने दिलेला आहे. त्यातील आकडा बव्हंशी रूढीने दिलेला आहे.

६. एकच शब्द, तीन लांबी

रूढीने दिलेल्या आकड्याचे पुढे काय झाले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय. ब्लोंदेलचा इंच, फ्रेंच ‘पूस’, राजफुटाचा बारावा भाग होता. राजफूट सुमारे ३२·४८ सेंटिमीटरांचा. म्हणून चोवीस इंचांचे पाऊल जवळजवळ ६५ सेंटिमीटर भरते. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली फ्रान्सने मीटरची पद्धत कायद्याने स्वीकारली. परंतु लोकांना जुनी नावे सोडवेनात, म्हणून १८१२ साली नेपोलियनच्या राजवटीत ‘फूट’ हे नाव मीटरच्या एक तृतीयांशाला देण्यात आले. त्या फुटाने मोजल्यास तेच चोवीस इंच ६६·७ सेंटिमीटर होतात. १८४० च्या जानेवारीपासून ही मिश्र मापेही रद्द झाली. इंग्रज सुताराच्या हाती हे सूत्र गेले तेव्हा त्याच्या पट्टीवरचा इंच २५·४ मिलिमीटरांचा होता; त्याचे चोवीस इंच ६१ सेंटिमीटरांहून किंचित कमीच भरतात.

फरक ४ सेंटिमीटरांचा आहे, आणि तो कागदावर क्षुल्लक दिसतो. पण पायरीची उंची साडेसतरा सेंटिमीटर ठेवली तर ब्लोंदेलच्या मूळ मापाने रुंदी ३० सेंटिमीटर येते, इंग्रजी इंचाने २६. प्रौढ माणसाचे पादत्राणासह पाऊल पहिल्या पायरीवर पूर्ण मावते. दुसरीवर ते पुढे लोंबते. आकडा तोच राहिला, शब्दही तोच राहिला, पण पाय टेकण्याची जागा चार बोटांतली दोन बोटे आक्रसली. भाषांतरात शब्द टिकून अर्थ हरवावा, याचे याहून मूर्त उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतात मापे व वजने यांचा कायदा १९५६ साली झाला आणि मीटरची पद्धत टप्प्याटप्प्याने रूढ झाली. पण बांधकामावर अजूनही फूट व इंच यांचीच बोली ऐकू येते. ‘सहा इंच उंची, दहा इंच रुंदी’ असे सांगणाऱ्या गवंड्याच्या पायरीची बेरीज बावीस इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर होते. ब्लोंदेलच्या पावलाहून ती पुष्कळच आखूड आहे. चढताना ही पायरी हलकी वाटते. उतरताना टाचेला जागा अपुरी पडते.

७. आजच्या नियमांतील अवशेष

भारतीय राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्या २००५ च्या आवृत्तीत निवासी इमारतींच्या जिन्यासाठी पायरीची उंची १९० मिलिमीटरांहून अधिक नसावी व रुंदी २५० मिलिमीटरांहून कमी नसावी असे सांगितले आहे. या दोन मर्यादांची ब्लोंदेलच्या रीतीने बेरीज केली तर ६३ सेंटिमीटर येतात. आणि जर्मनीत रूढ असलेले पावलाचे मापही नेमके ६३ सेंटिमीटरच आहे. अमेरिकेतील घरांच्या नियमावलीत पावणेआठ इंच उंची व दहा इंच रुंदी या मर्यादा आहेत. त्यांची बेरीज साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४·८ सेंटिमीटर होते. ब्लोंदेलच्या मूळ मापाच्या हे दोन मिलिमीटरांइतके जवळ आहे.

आता विट्रुव्हियसचा त्रिकोण आठवावा. तीनास चार हा चढ आणि ६३ सेंटिमीटरांची बेरीज या दोन अटी एकत्र पाळल्या, तर उंची १८·९ व रुंदी २५·२ सेंटिमीटर निघते. भारतीय संहितेची मर्यादा १९ व २५ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा चढ आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीची बेरीज ज्या बिंदूत एकमेकींस छेदतात, त्याच बिंदूच्या अगदी शेजारी आजचा नियम उभा आहे. संहिताकारांनी हे गणित केले होते असे यातून सिद्ध होत नाही. घराच्या जिन्याला जागा आणि पाय या दोहोंनी घातलेली मर्यादा किती जुनी आहे, एवढे मात्र सिद्ध होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका मजल्याच्या जमिनीपासून दुसऱ्याच्या जमिनीपर्यंत ३ मीटर उंची आहे असे समजू. ३०० ला १९ ने भागल्यास १५·८ येतात. पायरी अपुरी ठेवता येत नाही, म्हणून १६ चढ घ्यावे लागतात आणि प्रत्येक चढ १८·७५ सेंटिमीटरांचा होतो. ६३ तून ३७·५ वजा जाता रुंदी २५·५ उरते. चढ सोळा असले तरी टेकण्याच्या जागा पंधराच मोजावयाच्या, कारण सोळावे पाऊल वरच्या मजल्याच्या जमिनीवरच पडते. म्हणून सरळ जिन्याला ३८२·५ सेंटिमीटर लांबी लागते. चढ सतरा केले तर प्रत्येक चढ १७·६५ चा व रुंदी सुमारे २७·७ सेंटिमीटरांची होते. जिना अधिक सुखाचा होतो, पण त्याची लांबी ४४३ सेंटिमीटरांवर जाते. एका पायरीची किंमत जमिनीवर साठ सेंटिमीटर पडते. आल्बेर्तीच्या तक्रारीचा अर्थ येथे उमगतो. पेशवेकालीन वाड्यांत भिंतीच्या जाडीत बसविलेले अरुंद व उभ्या चढाचे जिने हेच सांगतात : जागा आणि पाय यांच्या झगड्यात तेथे जागेचा विजय झाला आहे.

या हिशेबात एक खबरदारी आवश्यक असते. उंची ही तयार जमिनीपासून तयार जमिनीपर्यंत मोजावयाची असते. वरच्या मजल्यावर नंतर ५ सेंटिमीटर जाडीची फरशी बसली आणि ती हिशेबात धरली नसेल, तर शेवटची एकच पायरी तेवढ्याने उंच होते. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय जिन्याचे माप शिकतो व पुढे न पाहता चालतो. म्हणून एका पायरीतील फरक सर्व पायऱ्या उंच असण्यापेक्षाही घातक ठरतो. अमेरिकन नियमांनी एका जिन्यातील पायऱ्यांच्या उंचीत तीन अष्टमांश इंचाहून, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटरांहून अधिक फरक निषिद्ध मानला आहे, तो याच कारणाने.

८. सूत्राची मर्यादा

ब्लोंदेलचे सूत्र पावलांमधील अंतर मोजते. पावलाची लांबी मोजत नाही. उंची २५ सेंटिमीटर केली तर सूत्र १५ सेंटिमीटर रुंदी निमूटपणे मान्य करते, जरी त्या जागेवर मुलाचे पाऊलही पुरते मावणार नाही. म्हणूनच ब्रिटिश नियमांत दुप्पट उंची व रुंदी यांच्या बेरजेला ५५० ते ७०० मिलिमीटर अशी मर्यादा देऊनही, घरातील जिन्याचा चढ ४२ अंशांहून अधिक नसावा ही वेगळी अट घालावी लागली. जर्मन परंपरेने दोन आणखी नियम जोडले : उंची व रुंदी यांची साधी बेरीज ४६ सेंटिमीटर असली तर जिना सुरक्षित, आणि रुंदीतून उंची वजा जाता १२ सेंटिमीटर उरले तर तो सुखाचा. हे तिन्ही नियम एकाच पायरीत जुळतात. ती १७ सेंटिमीटर उंच व २९ सेंटिमीटर रुंद असते.

ब्लोंदेलच्या अनुमानाची प्रयोगाने तपासणी विसाव्या शतकात झाली. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात जेम्स मार्स्टन फिच, जॉन टेम्पलर व पॉल कॉर्कोरन यांचा जिन्याच्या मापांवरील लेख प्रसिद्ध झाला. टेम्पलरचा याच विषयावरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९२ साली निघाला. या अभ्यासाने श्रम आणि चुकलेले पाऊल या दोन निराळ्या गोष्टी म्हणून मोजल्या, आणि पाय टेकण्यास पुरेशी रुंदी असणे हे सुरक्षिततेसाठी स्वतंत्रपणे आवश्यक आहे या निष्कर्षाला बळ दिले. त्यानंतर सात इंच उंची व अकरा इंच रुंदी हे माप सार्वजनिक जिन्यांसाठी अमेरिकेत रूढ झाले. घरांसाठी मात्र पावणेआठ व दहा हीच तडजोड राहिली. म्हणजे ज्या जिन्यावर वृद्ध माणूस रात्री एकटा उतरतो, तोच अधिक अरुंद राहिला.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, ब्लोंदेलने चढणाऱ्या माणसाचा विचार केला, उतरणाऱ्याचा केला नाही; आणि जिन्यावरील बहुतेक गंभीर अपघात उतरतानाच होतात. त्याचे सूत्र असत्य नाही, अपुरे आहे. त्याने दिलेला संबंध ठेवावयाचा, पण आकडा घेताना तो कोणत्या मोजपट्टीचा व कोणाच्या पायाचा, हे विचारावयाचे, एवढाच या इतिहासाचा उपदेश होय. विद्यापीठीय अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे : मापाचा आकडा हादेखील एक शब्दच असतो, आणि त्याचा अर्थ त्याच्या स्थळकाळावाचून वाचता येत नाही.